लाल दिवा फिका दिसतो तेव्हा

माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर डास पळवायचं यंत्र लावलेलं आहे. त्याचा मुगाच्या दाण्याएवढा लाल दिवा रात्रभर जळत असतो. उजव्या डोळ्याने पाहिलं तर तो लालच दिसतो. उजवा झाकून नुसत्या डाव्याने पाहिलं, तर कधी लाल, कधी विटकरी आणि मे महिन्यातल्या काही रात्री पार धुऊन निघालेल्या गेरूसारखा. अकरा वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याची नस सुजली होती. तपासण्या होत होत मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं. तेव्हापासून हा दिवा माझं थर्मामीटर आहे. तो फिका दिसायला लागला की समजायचं, अंग तापलंय आणि थोड्या वेळात उजवं पाऊल जमिनीला घासायला लागणार.

बाबा वीज मंडळात चौतीस वर्षं लाइनमन होते. आई गेल्यापासून ते नागपूरला आमच्याकडेच असतात. होळी झाली की कूलर बाहेर काढतात, जुन्या ताट्या सोडवून वाळ्याच्या नव्या बसवतात, पंपात अडकलेला कचरा काढतात आणि स्वतः मात्र बाज घेऊन गच्चीवर झोपायला जातात. ताट्या बदलायच्या दिवशी आमचा वाद सुरू होतो, तो पाऊस स्थिरावेपर्यंत चालतो. घरातल्यांना वाटतं हा वाद एसीचा आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही दोघंच घरी होतो आणि बोलणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत झालं.

“एसीची एवढी सवय काहून लावून घेऊन राहिली तू?” बाबांनी सुरुवात केली. “अंगाले उन्हाळ्याची सवय लागली पाहिजे. २०१३ च्या मे महिन्यात, २३ तारखेले, नागपुरात ४७.९ अंश होते. त्या दिवशी मी खांबावर होतो.”

“सवय लागते हे खोटं नाही, बाबा. दहा-चौदा दिवस उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. तुमचं शरीर दर एप्रिलमध्ये हे शिकत होतं. पण ही सगळी सवय घामाच्या जिवावर आहे. घाम सोडायचा हुकूम मेंदूकडून मज्जारज्जूतून खाली जातो, आणि माझा तो रस्ताच जागोजागी खराब झालाय. पाठीला घाम येतो, पाय कोरडे राहतात. त्यात लघवीची घाई आवरायची जी गोळी मी घेते, तीही घाम कमी करते.”

“मग गोळी बंद कर.”

“बंद केली तर रात्री चारदा उठावं लागेल. तापलेल्या पायांनी चारदा.”

बाबा गप्प बसले. पण ते पटून गप्प बसलेले नव्हते. मनात काही जुळत नसलं की ते असे गप्प होतात, आणि मग नेमका प्रश्न विचारतात.

“तू मागे म्हणाली होती, नसेवरचं आवरण जाते. म्हणजे इन्सुलेशन गेलेली केबल. इथपर्यंत मले समजते. पण तांब्याची तार एक अंश तापली तर तिचा रोध अर्धा टक्काही वाढत नाही. अन् तू म्हणते, अर्ध्या अंशाने पाय बंद पडते. हे गणित बसत नाही.”

हा प्रश्न मला आजवर एकाही नातेवाइकाने विचारला नव्हता. “काळजी घे गं” म्हणणारे पुष्कळ भेटतात. गणित बसत नाही म्हणणारे बाबा एकटेच.

“कारण नस ही तार नाही,” मी म्हणाले. “तारेत तुम्ही एका टोकाला वीज सोडता आणि ती दुसऱ्या टोकाला जाते. नसेत संदेश टप्प्याटप्प्याने जातो. दर टप्प्यावर बारीक दारं उघडतात, सोडियमचे कण आत येतात, त्यातून नवा प्रवाह तयार होतो आणि तो पुढच्या टप्प्याला जागं करतो. निरोगी नसेत हा प्रवाह गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे थोडा कमी झाला तरी काही अडत नाही. आवरण गेलं की बराच प्रवाह वाटेतच गळतो, आणि पुढचा टप्पा जेमतेम जागा होईल एवढाच उरतो. आता उष्णता वाढली की ती दारं लवकर मिटतात. प्रवाह आणखी घटतो. जेमतेम होता तो अपुरा पडतो आणि संदेश तिथेच थांबतो. अर्धा अंश त्यासाठी पुरतो.”

“म्हणजे लाइन तुटलेली नाही. व्होल्टेज पडलं.”

“हो. आणि गार झालं की परत येतं. म्हणून तर दिवा पुन्हा लाल होतो.”

१८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने याची नोंद केली. त्याच्या काही रुग्णांची नजर चालण्याचे श्रम झाले की अंधुक व्हायची आणि विसावा घेतला की सुधारायची. त्याला वाटलं, हे श्रमामुळे होतं. खरं कारण श्रमाने वाढणारी उष्णता आहे, हे बऱ्याच काळाने कळलं. एमआरआय येण्याआधी कित्येक वर्षं डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत. नजर अंधुक झाली, हातपाय लुळे पडले, तर एमएसची शक्यता धरत. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

“माणसाले तापवून पाहत होते?”

“तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आता आहे, पण मे महिना आहेच.”

मग मी अनेक वर्षं मनात धरून ठेवलेला मुद्दा काढला. “बाबा, उन्हाळ्यात तुम्ही ट्रान्सफॉर्मरसमोर कूलर लावायचात ना?”

“लावायचो. तेल तापलं की ट्रिप व्हायचा. पूर्ण मोहल्ला अंधारात.”

“त्याला म्हणालात का कधी, सवय लाव म्हणून?”

वाटलं, आता संपलं. पण बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, “नुसता कूलर नव्हतो लावत. लोडही कमी करायचो. अर्धा लोड दुसऱ्या फीडरवर टाकायचो. तू लोड कुठे कमी करून राहिली? सायंकाळी सात ते साडेआठ गॅससमोर उभी राहून पोळ्या करते. मग भांडे. मग पोराच्या शाळेचा डब्बा. अन् दहाले येऊन म्हणते, खोली गार करा.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शरीराचं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. संध्याकाळी ते सगळ्यात वर असतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली. झोप यायची तर ते उतरायला लागावं लागतं. हातापायांच्या कातडीत रक्त जास्त धावतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि मग डोळे मिटतात. म्हणजे ज्या वेळी अंगाचं तापमान आधीच वर चढलेलं असायचं, नेमका तोच वेळ मी शेगडीपुढे घालवत होते. डॉक्टरांनी मला गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी सगळं सांगितलं. पोळ्या सकाळी करून ठेव हे बाबांनी सांगितलं. त्या दिवसापासून उन्हाळ्यात आमच्याकडे रात्री दहीभात, सकाळच्या पोळ्या, कांदा आणि पन्हं असतं. मुलगा दोन दिवस कुरकुरला, तिसऱ्या दिवसापासून नाही.

“आता तुझा मुद्दा,” बाबा म्हणाले. “एसी वीसवर काहून ठेवते?”

“ठेवत होते. आता सव्वीसवर ठेवते आणि वर पंखा.”

इथे बाबांचं आधीपासून बरोबर होतं हे मी मान्य केलं पाहिजे. नवीन एसी घेतला तेव्हा मी तो हट्टाने वीसवर चालवला. पहाटे पोटऱ्या लाकडासारख्या ताठ व्हायच्या, टाच ओढून धरावी लागायची. एमएसमध्ये हे दुहेरी संकट आहे. उष्णतेने स्नायू ढिले पडतात, गारठ्याने आखडतात. बाबा म्हणत, “एसीने अंग आखडते,” आणि मला वाटायचं, ही म्हाताऱ्या माणसांची नेहमीची तक्रार. माझ्या पायांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. २०२० पासून आपल्याकडे नव्या एसीत सुरू करताना २४ अंश येतात. ते वीज वाचवण्यासाठी आहे. पण माझ्यासारखीने त्याहूनही दोन अंश वर जावं आणि हवा फिरती ठेवावी, हे मला माझ्या पोटऱ्यांनी शिकवलं.

“त्यापेक्षा कूलर काय वाईट आहे?”

“एप्रिल-मेमध्ये मुळीच नाही. हवा कोरडी असते, ताटीवरचं पाणी उडतं, वारा गार होतो. तुमचा वाळा तर मला हवाच असतो. पण जूनमध्ये हवेत दमटपणा आला की पाणी उडायचं थांबतं. मग कूलर खोलीत नुसती ओल आणतो. अंगावरचा घामही सुकत नाही. माझा सगळ्यात वाईट काळ मे नाही, बाबा. जूनचे पहिले तीन आठवडे आहेत.”

“मग गच्चीवर ये नं. सहाले मी पाणी मारतो, अकरापर्यंत स्लॅब निवते. वारा असते.”

मी लगेच बोलले नाही. लहानपणी आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. एका रांगेत गाद्या, डोक्याशी सुरई, आणि पहाटे एवढं गार व्हायचं की चादरीसाठी ओढाताण व्हायची. हवामान खात्याच्या भाषेत आता ‘उष्ण रात्र’ असा स्वतंत्र शब्द आहे. दिवसाचं तापमान चाळीस किंवा त्याहून वर असेल आणि रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढं असेल, तर ती उष्ण रात्र. तरीही बाबांच्या गच्चीवर आमच्या खालच्या खोलीपेक्षा बरं असतं, हे मला माहीत आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आपली उष्णता खाली, माझ्या खोलीत सोडत असतो.

“अठरा पायऱ्या आहेत,” मी म्हणाले. “वर चढेन. पहाटे तीनला उतरता येणार नाही. आणि बाजेवरून उठायला दोन माणसं लागतात मला. खाली हवा खेळते हे खरं, पण मध्ये झोळ पडतो. गुडघे वर राहतात, पायाला जोर मिळत नाही.”

“म्हणजे मी नाही बोलावलं म्हणून तू येत नाही, असं नाही.”

“नाही, बाबा. मला यायचं असतं.”

त्यानंतर बराच वेळ फक्त कूलरच्या पंपाचा आवाज होता. मग बाबा जे बोलले, ते आमच्या इतक्या वर्षांच्या वादात एकदाही बोलले नव्हते.

“मले एसीचा राग नाही. बिलाचाही नाही. एसी लागला की तू दार लावते. मागच्या जूनमध्ये तू पडली, मले सकाळी कळलं. एवढा मोठा माणूस गच्चीवर झोपलेला, अन् पोरगी खाली फरशीवर.”

त्या रात्रीबद्दल मी घरात अर्धंच सांगितलं होतं. माझा नवरा गावाला गेला होता. मुलगा कानात इयरफोन घालून झोपला होता. त्या महिन्याचं बिल पाहून मी एसीला टायमर लावला होता. तो दीडला बंद झाला. दार आणि खिडक्या बंद, वरून स्लॅबचा ताव. तीनला जाग आली तेव्हा दिवा जवळपास करडा दिसत होता. त्याच वेळी मी थांबायला हवं होतं. मानेवर ओला नॅपकिन, घोटभर गार पाणी, दहा-पंधरा मिनिटं पडून राहणं. पण लघवीची घाई थांबू देत नाही. न्हाणीच्या उंबऱ्यात उजवं पाऊल अडकलं. बादली लवंडली आणि मी त्या पाण्यात पडले. दोन हाका मारल्या. बंद दारातून त्या कुठे जाणार? मग तशीच पडून राहिले. फरशी गार होती, पाणी गार होतं. साधारण अर्ध्या तासाने अंगठा हलवून पाहिला, तर हलला. मग घोटा. मग भिंतीला धरून उठले आणि पलंगावर आले. मला पाडलं उष्णतेने आणि उठवलं सांडलेल्या पाण्याने.

हे सगळं मी बाबांना त्या संध्याकाळी सांगितलं. बिलाचंही सांगितलं.

“टायमर लावायचा नाही,” ते एवढंच म्हणाले. हाच माणूस दर महिन्याला मीटरचं रीडिंग वहीत लिहून ठेवतो.

मग त्यांनी विचारलं, “पण तुले कसं कळते, हे गरमीचं आहे की रोग वाढला? मले तीच भीती आहे. दर वेळी गरमीचं म्हणून बसली अन् खरोखरचं निघालं तर?”

ही भीती मलाही आहे, आणि तिची किंमत मी एकदा मोजली आहे. निदानानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अशाच एका रात्रीनंतर एका रुग्णालयात मला अटॅक आला असं समजून तीन दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉइडचं सलाइन लावलं. कोणीही ताप पाहिला नाही, खोली कशी होती ते विचारलं नाही. त्या औषधाने पुढचे आठ दिवस झोप उडाली. नंतरच्या डॉक्टरांनी मला एक साधी रीत लावून दिली. आधी थर्मामीटर लावायचं. ताप असेल तर तो कशाचा, हे शोधायचं, कारण लघवीच्या जंतुसंसर्गानेही हेच सगळं होतं. मग अंग गार करून वाट पाहायची. उष्णतेने आलेला अशक्तपणा गार झाल्यावर काही मिनिटांत, फार तर काही तासांत उतरतो आणि मागे नवी इजा ठेवत नाही. ताप किंवा संसर्ग नसताना त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला, तर फोन करायचा. आणि रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडण्याची माझी सवय त्यांनी बंद केली. दिवसभर भरपूर, झोपण्याआधी दोन तास बेताचं. पाणी तोडलं की अंग जास्तच तापतं.

“चोवीस तास,” बाबांनी आकडा मनात ठेवला.

मी त्यांना अंतराळवीरांच्या पोशाखावरून बनवलेल्या जाकिटांबद्दलही सांगितलं. त्यांच्या नळ्यांतून गार पाणी फिरतं. त्यांचा एमएसच्या रुग्णांवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि थोडा पण नक्की फायदा दिसला. बाबांना ती कल्पना आवडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये टाकल्या आणि रात्री जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून माझ्या पोटऱ्यांशी आणून ठेवल्या. कापड का, तर माझ्या पायांना गारठा नीट कळत नाही, उघडा बर्फ कातडी भाजून काढेल. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दाराचा प्रश्न उरला होता. दार उघडं ठेवलं तर एसी खोलीऐवजी अख्खं घर गार करत बसतो. लावलं तर बाबांना झोप नाही. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातून घंटी, बटण आणि तारेचं भेंडोळं घेऊन आले. बटण माझ्या उशाशी, तार खिडकीच्या चौकटीतून पाइपाला धरून वर, आणि घंटी त्यांच्या बाजेच्या पायाला. बॅटरीवर चालणारी, कारण लाइट जाते तेव्हाच ती लागणार, असं ते म्हणाले. वीज मंडळात इतकी वर्षं काढलेला माणूस विजेवर एवढा कमी भरवसा ठेवतो, याने मला धीर येतो.

नवतपा लागला त्या आठवड्यात एका रात्री पावणेदोनला लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. सवयीने मी डावा डोळा उघडा ठेवून दिव्याकडे पाहिलं, तर दिवाही नव्हता. अंग किती तापलंय हे कळायला काहीच नव्हतं. उजव्या पायाचा अंगठा हलवून पाहिला. हलला असं वाटलं, पण खात्री होईना. लघवीची घाई सुरू झाली होती. मी बटण दाबलं.

वरून बाज करकरल्याचा आवाज आला. मग पायऱ्यांवर टॉर्चचा उजेड. बाबा फ्यूज पाहायच्या तयारीनेच आले होते, बनियनवर आणि हातात पक्कड.

“दिवा कसा दिसते?”

“लाइट नाही, बाबा. दिवाच नाही.”

ते क्षणभर थांबले. मग पक्कड माझ्यासमोर धरली आणि तिच्या मुठीवरच्या लाल आवरणावर टॉर्च मारला. “उजवा डोळा झाक.”

मी झाकला.

“कोणता रंग?”

“विटकरी.”

“उठू नको. बाटल्या आणतो, मग मी धरून नेतो,” ते म्हणाले, आणि जाताना दार उघडंच ठेवून गेले.